राणीचे तीनशे घोडे

मंगळवार, ७ नोव्हेंबर

सगळं बदललं ते आज सकाळी अकराला पाच कमी असताना, रिसॉर्टच्या पोहण्याच्या तलावाकाठी, मी पाहुण्यांना टॉवेल देतो त्या खिडकीत. वेळ पक्की ठाऊक आहे, कारण मी घड्याळाकडेच बघत होतो. अकराला रिसेप्शनवरची ती चहाला निघते आणि माझ्या खिडकीवरून जाते. जाताना बघत नाही, ते सोडा.

नेमके तेव्हाच पांढऱ्या टोपीतले एक पाहुणे टॉवेल घ्यायला आले आणि जांभई देत म्हणाले, "इथे समुद्र सोडून काहीच नाही का हो? काही जुनं, ऐतिहासिक?" एवढंच विचारलं बिचाऱ्यांनी. पण तीन महिने निळ्या टॉवेलांच्या घड्या घालून माझं डोकं आधीच तापलेलं. म्हणालो, "सगळं आहे. तुम्ही मनगटाला पट्टा बांधून तलावाकाठी पालथे पडता. इतिहास काय पोहत येणार आहे तुमच्याकडे?"

मागे मॅनेजरसाहेब उभे होते. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. त्यांच्या थंडगार केबिनमध्ये गेलो तो सामान बांधायच्या तयारीनेच.

ते म्हणाले, "कुठे आहे सगळं?"

"सर?"

"आत्ता म्हणालास ना, सगळं आहे. पाहुणे तिसऱ्या दिवशी कंटाळतात. बोटांना सुरकुत्या पडेपर्यंत पोहून झालं की विचारतात, बघायला काय आहे. आजवर मी सूर्यास्त सांगून वेळ मारून नेली. आता तू दाखव."

तर मला लॉबीच्या कोपऱ्यात एक टेबल मिळालं. दर गुरुवारी मिनीबस. सहा गुरुवार. सहाव्या गुरुवारी, म्हणजे १४ डिसेंबरला, बसमध्ये पंधरा पाहुणे नसले तर टेबल उचलायचं आणि टेबलाबरोबर मीही.

बाबांना फोन केला. त्यांनी तारीख लिहून घेतली, पेन्सिलीचा आवाज ऐकू आला. "ठीक. चौदाला जमलं नाही तर पंधराला कॉलेज. सरांची माफी मागायची, भर वर्गात." मी फोन आपटला. मग पुन्हा लावून "बरं" म्हणालो.

सरांबद्दल लिहायचं नाही असं ठरवलंय. फक्त एकदाच लिहितो. इतिहासाच्या पेपरात मी एक प्रसंग लिहिला होता, वेढ्यातल्या शिपायाचा, रडू येईल असा. सरांनी तो वर्गात वाचून दाखवला आणि विचारलं, "हे कुठे सापडलं?" मी म्हटलं, सुचलं. ते म्हणाले, "सुचलेलं गोष्टीत घाल. तुला इतिहास नकोच आहे, बाळ, तुला टाळ्या हव्यात." बाळ म्हणाले, पन्नास मुलांसमोर. मी त्यांचा हजेरीपट दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून फेकला आणि त्याच्या मागोमाग जिन्याने खाली आलो. पुन्हा चढलो नाही. चढणारही नाही.

नव्या टेबलावरून रिसेप्शन समोरच दिसतं. सरळ रेषेत अठरा पावलं.

बुधवार, ८ नोव्हेंबर

मामा मिनीबस चालवतो. आईचा सख्खा भाऊ, इथली नोकरी त्यानेच लावून दिली. दिवसभर इतिहास शोधत हिंडलो.

दीपगृह: रखवालदार आत सोडत नाही. म्हणतो, पत्र आणा. कुणाचं, ते त्यालाही माहीत नाही.

टेहळणीचा बुरूज: दोनशे बारा पायऱ्या. मामा नव्वदावीवर बसला आणि म्हणाला, "भाच्या, इतिहास खाली नाही का कुठे?"

जुनं जकात घर: आत मोटारसायकलींचे सुटे भाग विकतात. दरवाज्यावरची कमान मात्र सुंदर आहे, तिच्यावर टायर टांगलेत.

शेवटी मासेमारांच्या धक्क्यामागे एक इमारत सापडली. तशी मी कधीच पाहिली नव्हती. दगडी, बुटकी आणि लांबच लांब. आत शिरलो तर दुसरं टोक दिसेना. चालत मोजलं, चारशे दहा पावलं. रुंदी फक्त नऊ. दोन्ही भिंतींना ठरावीक अंतरावर लोखंडी आकडे. फरशीच्या मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दगड झिजून पन्हाळीसारखा झालाय. पाटी नाही, रखवालदार नाही, नुसती कबुतरं.

"काय असेल रे मामा?"

"लांब आहे," मामा म्हणाला.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

पहिली सहल. तीन पाहुणे. त्यातल्या दोघी बहिणी बस बाजारात जाते असं समजून बसल्या होत्या.

बुरुजावर मी साल सांगितलं, त्यांनी जांभई दिली. मी उंची सांगितली, त्यांनी पाणी मागितलं. तिसरे म्हणजे टॉवेलच्या खिडकीवाले तेच टोपीकाका. सूड म्हणून आले असावेत असं वाटलं, पण नाही, दिवसभर वहीत काहीतरी टिपत होते.

लांब इमारतीत आलो तेव्हा माझ्याकडचं सगळं संपलं होतं. धाकट्या बहिणीने विचारलं, "आणि हे काय आहे?" खरं म्हणजे माहीत नाही म्हणायचं होतं. तोंडातून आलं, "राणीचा तबेला."

तिघेही थांबले. मग मलाच दिसायला लागलं. आकडे लगाम बांधायला. मधली झीज टापांची. तीनशे घोडे, दोन रांगांत. बोलत गेलो. राणीकडे एक मोतद्दार होता, घोड्यांची देखभाल करणारा तरुण. त्याचं वाड्याच्या गच्चीवर येणाऱ्या एका मुलीवर प्रेम. ती कधी खाली बघायची नाही. म्हणून तो रोज पहाटे एका पांढऱ्या घोड्याचं तोंड समुद्राकडून फिरवून गच्चीकडे करायचा.

थोरल्या बहिणीने डोळे टिपले. मामा बसचा आरसा पुसत होता, पुसायचा थांबला.

शुक्रवार, १० नोव्हेंबर

ती स्वतःहून बोलली! टेबलाशी येऊन. "तुमच्या पाहुण्या सकाळपासून घोड्यांचंच बोलताहेत. खरंच तीनशे होते?"

मी म्हटलं, "तीनशे एक. एक पांढरा."

ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. डोळे काळेभोर नाहीत, तपकिरी आहेत. मग फोटो मागितला, तो बघितला आणि म्हणाली, "दार अरुंद आहे ना?"

दार. माणसाने प्रेमकथा सांगावी आणि समोरच्याने दाराचं माप काढावं. तरी आज चार वाक्यं बोललो. तीन तिची, एक माझं.

गुरुवार, १६ नोव्हेंबर

नऊ जण. आता मोतद्दाराला आवाज चांगला आहे आणि राणी अंमळ खाष्ट आहे.

एक कोडं सुटत नाही. ती मला रोज चिठ्ठ्या पाठवते. "खोली २१४, जुन्या इमारतींची आवड." "खोली ३०६, पाऊस नसेल तर येतील, मुलगी दहा वर्षांची, प्रश्न फार विचारते." कामाच्या चिठ्ठ्या इतक्या नेटक्या अक्षरात कुणी लिहितं का? मामा म्हणतो, "नाही लिहीत." आणि नुसता हसतो. माझी गंमत करताहेत दोघं.

शिवाय मी डोळ्यांनी बघितलं, ती रोज दुपारी तलावावरच्या जीवरक्षकाला डबा नेऊन देते. स्टीलचा, तीन पुडांचा. त्याचे खांदे दाराएवढे आहेत, अरुंद नसलेल्या दाराएवढे. घ्या.

सोमवार, २० नोव्हेंबर

मॅनेजरसाहेबांनी पत्रक छापून घेतलं. गुळगुळीत कागद, पाचशे प्रती, वर उधळलेला पांढरा घोडा. "राणीचे तीनशे घोडे: एक विसरलेली प्रेमकथा." खाली माझं पद, सहल-मार्गदर्शक. एक प्रत बाबांना पाठवली. एक सरांना पाठवावी असं मनात आलं. पाकीटही आणलं. मग का कोण जाणे, पाकिटात पत्रक घातलंच नाही.

गुरुवार, २३ नोव्हेंबर

सतरा! सहाव्या गुरुवारचं आत्ताच झालं म्हणायचं. परतताना बसमध्ये लोक घोड्यांची नावं ठेवत होते.

मामा उतरताना म्हणाला, "भाच्या, हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"का?"

"सहज. आमच्या बसमध्ये बसतं ते कुठून चढलं, हे विचारायची सवय आहे मला."

गुरुवार, ३० नोव्हेंबर

पेन कागदात रुततंय. अक्षर बघून कळेलच.

बस खचाखच, वीस. मी मोतद्दारापाशी पोचलो होतो. दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. साठीच्या, खांद्यावर मासेमारीचं जाळं, कंबरेला सुरी. बाहेर धक्क्यावर बसून जाळी विणतात त्या. दर गुरुवारी ऐकत असणार.

"घोडे?" त्या म्हणाल्या. "इथे?"

"हो. तीनशे."

"मेले का सगळे आत शिरताना?" आणि स्वतः दारात आडव्या उभ्या राहून दाखवलं. एक बाई आणि एक जाळं, दार भरलं.

लोक हसले. माझ्या कानांतून वाफ निघाली. म्हणालो, "काकू, तुम्ही जाळी विणा. इतिहास आम्हाला कळतो."

"बरं," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुला कळतो. माझा बाप या जागी चाळीस वर्षं उलटा चालला. जहाजांचे दोर वळायचे इथे. आकडे दोर पेलायला. आणि हा मधला दगड आहे ना, ही माझ्या बापाची, त्याच्या बापाची आणि आणखी दीडशे माणसांची टाच आहे. टापा नव्हे. मी सात वर्षांची होते तेव्हा ते चाक फिरवायचे." कोपऱ्यातल्या ज्या चाकाला मी रथाचं म्हणत आलो, त्याच्याकडे त्यांनी बोट केलं.

मी काय करावं? गप्प बसावं की नाही? मी म्हणालो, "पुरावा काय?"

बाईंनी हाताचे तळवे पुढे केले. मी बघितलेच नाहीत. "चला, उशीर होतोय," म्हणून सगळ्यांना बसमध्ये बसवलं. वाटेत कुणी घोड्यांची नावं ठेवली नाहीत. तीनशे सहामधली दहा वर्षांची मुलगी, जी इथे अजून राहते आहे आणि ही दुसऱ्यांदा आली होती, तिने मोठ्याने विचारलं, "मग तुम्ही खोटं का सांगितलं?" तिची आई खिडकीबाहेर बघायला लागली.

शुक्रवार, १ डिसेंबर

मामा माझ्याशी बोलत नाही. बोलत नाही म्हणजे काय, "मीठ दे" म्हणतो.

ती आली. पाहुण्यांकडून सगळं कळलेलं. म्हणाली, "मला पहिल्या दिवसापासून दार अरुंद वाटत होतं."

मी म्हटलं, "मग बोलायचं होतं."

"बोलले होते."

"नीट बोलायचं. तुम्हाला काय, तुम्ही जीवरक्षकाचे डबे पोचवा."

तिने हाताची घडी घातली. मग म्हणाली, "त्याची बायको माझी मावसबहीण आहे. आम्ही एका घरात राहतो. त्याचा डबा रोज घरी राहतो, तो विसरभोळा आहे. आणखी काही शंका?"

पृथ्वी दुभंगावी असं म्हणतात ना, ती लॉबीतली संगमरवरी फरशी काही दुभंगली नाही. फार पक्की आहे.

जाताना ती म्हणाली, "त्या बाईंचे हात तरी बघायचेस."

आत्ता लिहिताना लक्षात आलं, ती "बघायचेस" म्हणाली. रागाच्या भरात माणसं एकेरीवर येतात. म्हणजे तिने माझं नावच टाकलं.

शनिवार, २ डिसेंबर

गेलो. तीनदा धक्क्यापर्यंत जाऊन परतलो, चौथ्यांदा काकूंनीच हाक मारली, "ये रे, घोडेवाल्या."

माफी कशी मागायची ते मला येत नाही. कधी मागितलेलीच नाही. म्हणालो, "हात बघायचे होते."

त्यांनी दाखवले. तळव्यांवर आडवी, पांढरी, गुळगुळीत रेष आहे, जणू कातडीवर इस्त्री फिरवलेली. पन्नासावर वर्षं झाली तरी गेलेली नाही.

"बस झालं बघून. आता चाल," त्या म्हणाल्या. वाखाच्या तंतूंचा एक जाडजूड जुडगा माझ्या कंबरेला गुंडाळला, त्यातला चिमूटभर तंतू ओढून चाकाच्या आकड्याला अडकवला आणि चाक फिरवायला लागल्या. "आता मागे चल. पोटाकडून तंतू सोडत. घाई केलीस तर तुटेल, रेंगाळलास तर गाठी."

घाई केली, तुटला. रेंगाळलो, गाठी. चिडलो, तुटला. काकू चाक थांबवायच्या, पुन्हा अडकवायच्या. एकदाही रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बाप माझा असाच होता. तापट. म्हणून आजोबांनी त्याला उलटं चालायला लावलं. पुढचं दिसत नाही ना, मग माणूस हाताकडे लक्ष देतो."

अकराव्या खेपेला जमलं. सत्तर पावलं मागे गेलो, पाठीमागे काय आहे ते न बघता. टाच आपोआप त्या झिजलेल्या पन्हाळीत बसत होती. समोर माझ्याच पोटातून निघालेला दोरा, सरळ, एकसारखा, आणि त्याच्या पार टोकाला काकू, बोटाएवढ्या.

मी हसत होतो. बराच वेळ हसत होतो हे नंतर कळलं.

इथल्या दोरांवर किती जहाजं उभी असायची, वादळात एक दोर तुटला तेव्हा काय झालं, मुली चाक फिरवताना काय आकडे मोजायच्या, काकूंनी सगळं सांगितलं. आणि जे माहीत नव्हतं तिथे "ते नाही मला माहीत" म्हणाल्या. किती सहज म्हणाल्या.

सोमवार, ४ डिसेंबर

मॅनेजरसाहेबांना सांगितलं, पत्रक चुकीचं आहे, तिथे घोडे नव्हते.

"पाहुण्यांना घोडे आवडतात," ते म्हणाले.

"पण नव्हते, सर."

"दोर बघायला कोण येईल? दोर तर माझ्या भांडारघरात पण आहे."

"बघायला नाही, वळायला."

"हे बघ, तुझा सहावा गुरुवार पुढच्या आठवड्यात आहे. घोड्यांवर बसून आरामात पार होशील. नसती उठाठेव कशाला?"

माझं डोकं सटकलं. पण या वेळी काही फेकलं नाही. उरलेली तीनशे नव्वद पत्रकं उचलून टेबलाशी आणली आणि काळ्या शाईने एकेक घोडा खोडायला बसलो. खाली लिहीत गेलो: "घोडे नव्हते. ती माझी चूक. इथे दोर वळायचे. येऊन वळून बघा." शंभरानंतर बोटं आखडली. तेव्हा समोरची खुर्ची सरकली. ती बसली, अर्धा गठ्ठा आपल्याकडे ओढला आणि म्हणाली, "शुद्धलेखन तरी नीट ठेव."

संध्याकाळपर्यंत आम्ही उरलेले दोनशे नव्वद घोडे मारले. ती फारसं बोलली नाही. दया आली असेल.

गुरुवार, ७ डिसेंबर

सहा. त्यात टोपीकाका, जे घरी जाऊन पुन्हा आलेत, आणि तीनशे सहामधली ती मुलगी. तिला आधी बाजूला घेऊन मी म्हटलं, "तू विचारलंस ते बरोबर होतं. मला माहीत नव्हतं, म्हणून मी बनवून सांगितलं." तिने विचार केला आणि म्हणाली, "मग आज काय माहीत आहे?" माहीत होतं ते सांगितलं.

रिसॉर्टच्या सुताराने चाकाचा आस रात्रपाळी संपल्यावर येऊन बसवून दिला. काकूंनी पोरीला चाकावर उभं केलं. सहाच्या सहा जण उलटे चालले. टोपीकाका दोनदा पडले आणि तिसऱ्यांदा पडल्यावर हसत तसेच बसून राहिले.

तीस पावलांचा दोर झाला. परत आल्यावर त्यांनी तो तलावाकाठी लांब पसरला, आणि जे पालथे पडले होते ते उठून बसले.

पण सहा म्हणजे सहाच. बाबांचा संध्याकाळी फोन. "पंधराचं तिकीट काढून ठेवू का?" मी म्हटलं, ठेवा. भांडलो नाही. तेच घाबरले. "बरा आहेस ना?"

बुधवार, १३ डिसेंबर

यादीत बारा नावं. चिठ्ठ्या आजही आल्या. उद्या तिची सुट्टी आहे, तक्त्यावर बघितलं. म्हणजे उद्या कुणी चिठ्ठी पाठवणार नाही आणि समोरचं रिसेप्शन रिकामं. एका परीने बरं. हरताना तिने बघायला नको.

गुरुवार, १४ डिसेंबर

नीट, क्रमाने लिहितो, नाहीतर हाताबाहेर जाईल.

नऊला चौदा पाहुणे. मी तीनदा मोजले. मामाने चौथ्यांदा मोजले, पंधरा भरले, पण त्यातला एक खांब निघाला. चौदा. मामाने दहा मिनिटं मुद्दाम टायर तपासले. पंधरावं कुणी आलं नाही.

मग ती आली. सुट्टीच्या दिवशी, केस मोकळे, पायात कॅनव्हासचे बूट. "मला जागा आहे?"

"कर्मचारी मोजत नाहीत," मी म्हटलं. असला मी.

"मोजायला नाही आले, वळायला आले," ती म्हणाली आणि खिडकीशी बसली.

बस निघणार एवढ्यात मॅनेजरसाहेब आले, टाय लावून, घड्याळ बघत. "मी येतोय. माझ्या पाहुण्यांना तू काय सांगतोस ते एकदा ऐकू दे."

तिथे पोचल्यावर मी दोन वाक्यांतच सगळं सांगितलं. हे काय आहे ते, आणि मी आधी काय सांगत होतो ते. लोक हसले, पण या वेळी मला ते चाललं. बाकीचं काकूंच्या हाती सोपवलं. अख्खी सकाळ सगळे तंतू ओढत उलटे चालत होते. नवरा-बायको एकमेकांवर आदळत होते, कुणाची टोपी कुणाच्या पायाखाली. बारापर्यंत तीन जाड पेड तयार झाले, साठ पावलं लांब.

"आता तिघांचा एक करायचा," काकू म्हणाल्या. "चाकाला दणकट माणूस हवा." सगळे एकमेकांकडे बघायला लागले, तेव्हा मॅनेजरसाहेबांनी टाय काढून खिशात घातला.

दुसऱ्या टोकाला एक लाकडी पाटा असतो, जमिनीवर सरकणारा. पेड त्याला बांधायचे. त्याच्यावर वजन हवं, दोर ताठ राहायला. पूर्वी दगड ठेवायचे. काकूंनी इकडेतिकडे बघितलं आणि तिला म्हणाल्या, "तू बस गं."

ती बसली. साठ पावलं लांब. मी या टोकाला, चाकाशी, फेरे मोजायला. साहेबांनी चाक फिरवायला घेतलं. आधी काहीच झालं नाही. पेड नुसते थरथरले. वीस फेरे. तीस. मग पाटा करकरला आणि ती, बसल्या जागी, हातभर माझ्याकडे सरकली.

मला वाटलं भास झाला. पुन्हा सरकली. ती दचकून हसली आणि दोन्ही हातांनी पाटा धरला.

"आपोआप येतेय," मी काकूंना म्हटलं.

"आपोआप कसली? पीळ बसतोय. लांबी जाते, बळ येतं. मोज तू, गप्प राहून."

मी मोजायचं विसरलो. साहेब घामाघूम, फिरवताहेत. पाहुणे भिंतीशी दोन रांगांत उभे. ती झिजलेल्या दगडावरून इंचाइंचाने येतेय, बूट पुढे करून, सरळ माझ्याकडे बघत. खाली नाही, दाराकडे नाही. पन्नास पावलं. अठ्ठेचाळीस. शेहेचाळीसवर काकूंनी हात वर केला. "पुरे. अजून पिळलात तर कुरकुर करेल."

शेहेचाळीस पावलांवरून ती ओरडली, "थांबवलं का? मला वाटलं पोचवणार."

मामा एकदम बाहेर बस बघायला गेला. काय झालं होतं बसला कुणास ठाऊक.

परत आल्यावर साहेबांनी हातावरचे फोड बघत विचारलं, "किती होते रे आज?"

"चौदा, सर."

"पंधरा," ते म्हणाले.

"साहेब, आम्ही चारदा मोजले," मामाने मध्ये तोंड घातलं. मामाच्या प्रामाणिकपणाचं मी काय करू?

"मग मी कोण होतो? सकाळभर चाक काय भुताने फिरवलं? टेबल राहू दे. आणि पत्रकं नवीन काढ. त्या बाईंना विचारून, त्यांच्या शब्दांत. पुढच्या महिन्यापासून त्या आपल्या पगारावर येतील, मी बोललोय त्यांच्याशी."

बाबांना फोन केला. आधी त्यांनी आईला ओरडून सांगितलेलं ऐकू आलं. पुन्हा फोनवर आले. "मग उद्याचं तिकीट रद्द करतो. आता माफीचा प्रश्न नाही."

मी म्हटलं, "राहू द्या तिकीट."

शुक्रवार, १५ डिसेंबर

सकाळचे सहा. शर्टाला इस्त्री केली, एक बाही जराशी जळली. बस साडेसहाला. कॉलेजचा पहिला तास दहाला, इतिहासाचा.

काय बोलायचं ते चारदा लिहून खोडलं. भाषण होत होतं, टाळ्या येतील असं. शेवटी एवढंच ठरवलं: सर, तुम्ही म्हणालात ते खरं होतं. मी एक इमारत चुकीची सांगितली, मग ती एका बाईंनी दुरुस्त केली. आणि हजेरीपटाबद्दल माफ करा. पुढे ते काय म्हणतील ते म्हणोत. परत कॉलेजात जाणार नाही, गुरुवारी काकू आणि मी आहोत. पण त्यांना विचारायचंय की दोरांची जुनी दप्तरं कुठे असतात, कशी वाचायची. ते त्यांनाच माहीत असणार, आणि त्यांना विचारायला मला भीती वाटतेय. टाच मागे टाकताना वाटते तशी.

काल निघताना हे सगळं तिला सांगितलं. ती म्हणाली, "मी पण येते. माझी सुट्टी दोन दिवसांची आहे."

"तिथे बघण्यासारखं काही नाही. एक कॉलेज आणि एक बसस्थानक."

"तुला काही बघण्यासारखं दिसतच नाही," ती म्हणाली. "वर्गाच्या बाहेर बसेन. तू बोल, मी ऐकते."

ती का येते आहे, काही केल्या कळत नाही. त्या गावात तिला काही खरेदी असेल बहुधा. मामाला विचारलं, तर त्याने माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि देवाकडे बघितल्यासारखं छताकडे बघितलं.

बाहेर ती आलीय. टकटक करत नाही, नुसती गुणगुणतेय. जिन्यात आवाज घुमतो. सहा वाजून अकरा मिनिटं. पेन बंद करतो. निघालो, आणि हे दार मी आपटणार नाही, हळूच ओढून घेणार आहे.